आत्याच्या पायांवर

महिना होत आला. शाळेत शिकवायला जायच्या गडबडीत होते आणि उंद्रीहून धाकट्या भावाचा, प्रकाशचा, फोन आला. "ताई, आत्या गेली वं…" एवढंच बोलला आणि पन्नाशीला टेकलेला तो माणूस हमसून रडायला लागला. मी चिखलीहून मिळाली ती जीप पकडली. उंद्रीला माहेरी पोचले तर ओसरीवर भावकीतल्या बाया बसलेल्या, आणि त्यांतली एक पदर तोंडाला लावून म्हणत होती, "सुटली बिचारी. ना लेकरू, ना बाळ. मागं रडायले तरी कोण हाये?" आतून प्रकाशचे हुंदके ऐकू येत होते. बाईचे कान फुटले होते काय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मयताच्या घरी भांडू नये म्हणून गप्प बसले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

सुमनआत्या माझ्या वडिलांची बहीण. सहा वर्षांत मूल झालं नाही म्हणून सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं. तेव्हा मी दोन वर्षांची. माझ्या पाठीवर आणखी तिघं झाली. सव्वा महिना झाला की माय वावरात, आणि लेकरं आत्याच्या अंगावर. रोज सकाळी न्हाणीत पाट टाकून, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन ती पाय लांब करून बसायची. बाळ पायांवर पालथं. तेल चोळून झालं की कढत पाणी. पण तांब्यातलं पहिलं पाणी नेहमी स्वतःच्या नडगीवर. तिला सोसलं तरच बाळाला. उजव्या नडगीवर कायमचा काळपट डाग पडला होता तिच्या. आणि नेमकं अंग धुऊन झालं की बाळ तिच्या पायांवरच हागायचं. "मेल्या, आताच सुचलं काय तुले?" म्हणत ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

ती काही देवी नव्हती. चिडायची, धपाटे घालायची, शिव्या तर विचारूच नका. पण प्रकाशला हगवण लागली तेव्हा त्याला मांडीवर घेऊन एसटीनं चिखलीला तीच निघाली. लुगडं पार भरलं. शेजारचे लोक नाकाला रुमाल लावून उठून गेले, तर ही म्हणते, "बरं झालं, पोराले पाय पसरायले जागा झाली." आईच्या मायेवर भाषणं ठोकणाऱ्यांपैकी किती जणांनी असं लुगडं धुतलंय, मला सांगा!

पण दुसऱ्यांवर किती दात खाऊ? माझी मुलगी उंद्रीलाच झाली. अकरा दिवस आत्यानं तिला न्हाऊ घातलं, शेक दिला, ओव्याची धुरी दिली. बाराव्या दिवशी बारसं. आत्या नवं लुगडं नेसून पाळण्यापाशी उभी. सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "पाळण्यात घालताना लेकुरवाळीचाच हात लागू द्या." आणि मी… मी आत्याला म्हटलं, "आत्या, जरा घुगऱ्या पाह्य ना." घुगऱ्या केव्हाच शिजून उतरवल्या होत्या. तिला ते माहीत होतं, मलाही. ती चुलीपाशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाट टाकून बसली. मी म्हटलं, "आत्या, काल…"

"पाणी आण अगोदर. लेकरू गारठून राह्यलं."

संपलं. सत्तावीस वर्षं मी ते वाक्य पुरं केलं नाही. आत्या, तू तरी काऊन गप्प राहिलीस? माझ्या थोबाडीत द्यायची होतीस!

तेरावं झाल्यावर प्रकाशनं विचारलं, "आत्याचं काय नेतं तू?" मी पाट मागितला. माझी मुलगी आता बाळंतपणाला चिखलीला आलीय, दिवस भरलेत. परवा म्हणाली, "आई, बाळाला आंघोळ तूच घालशील ना?" हो म्हणून बसले. पण कपाळ माझं, मला येतच नाही! माझी दोन्ही लेकरं आत्याच्याच पायांवर वाढली, मी शिकलेच कुठे?

काल न्हाणीघरात पाट टाकला, पायांवर टॉवेलची गुंडाळी घेतली, आणि पहिला तांब्या नडगीवर ओतला. केवढ्यानं ओरडले! गार पाणी मिसळून पुन्हा ओतलं, पुन्हा पोळलं. चौथ्या तांब्याला कुठे जमलं. तोवर नडगी लालभडक झाली होती, आणि मी तिथेच बसून तिच्या नावानं मोठ्यानं रडले.

आता एक ठरवलंय. बारशाला आत्याचा पाट पाळण्यापुढे मांडायचा, बाळाला आधी त्यावर टेकवायचं, मग पाळण्यात. आमच्या घरची लेकुरवाळी तीच होती, हे सगळ्यांसमोर सांगायचं. आणि कुणी नाक मुरडलंच, तर त्यांनाच म्हणेन… जा, जरा घुगऱ्या पाहा.