पेटी, पट्टी आणि सोपानकाका

धरणाचं पाणी मोजणारी स्वस्तातली पेटी बसवायची, एवढंच माझं काम. पण जुन्नरच्या ऑफिसात चहाला बसलं की पाण्याचं कुणी विचारत नाही. "सोपानकाकांचं नवीन काय?" हेच विचारतात. आता किस्से साठलेत इतके, तर ऐका.

सोपानकाका म्हणजे डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाच्या धरणाचे राखणदार. भिंतीवर रंगवलेली पट्टी वाचून पाणी वहीत लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. आमची पेटी पाण्याच्या वर टांगलेली, वरूनच पाणी मोजते आणि आतल्या सिमवरून दर तासाला माझ्या फोनवर मेसेज पाठवते. पहिल्या दिवशी काकांनी ती उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "डब्याएवढी हाय. हिला काय कळतंय?"

एका दुपारी मेसेजमध्ये पाणी एकदम दीड फूट चढलं. कडक ऊन! मग उतरलं, परत चढलं. धरणाखाली वस्ती! बाइक हाणत गेले. बघते तर काकांचे भाऊबंद लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवत होते, आणि एकेक मेंढरू पेटीखालून पोहत चाललं होतं. आमची पेटी इमानेइतबारे त्यांच्या पाठी मोजत होती. पट्टी जागची हलली नाही, हे काकांनी मला चारदा ऐकवलं.

उन्हाळ्यात पेटी सारखी बंद पडायला लागली. काकांच्या चौकीच्या पत्र्यावर चढले तर पेटीला वीज देणाऱ्या सोलर पॅनेलवर काकूंच्या कुरडया! पत्र्याचा गंज कुरडयांना लागतो, ही काच कशी स्वच्छ, असं काकूंचं म्हणणं. निम्म्या कुरडया मला बांधून दिल्या, मग तक्रार कोण लिहिणार?

पण खरी मजा पुढंच. साहेबांनी अट घातली: पंधरा दिवस एकही मेसेज चुकला नाही तर पेटी बाकीच्या धरणांवर, चुकला तर काम बंद. माझी दोन वर्षांची मेहनत टांगणीला! काकांना सांगितलं. एव्हाना त्यांचाही पेटीवर जीव जडला होता. चुकायची न्हाई ती, म्हणाले.

चौदा दिवस एकही चुकला नाही. पंधराव्या दिवशी दुपारी मी साहेबांसमोर फोन ठेवून बसले. मेसेज आला. साहेबांनी मोठ्यानं वाचला.

"पाणी सहा मीटर चाळीस. जेवून येतो."

साहेबांनी माझ्याच फोनवरून पेटीचा नंबर लावला, स्पीकर चालू केला. पलीकडून फोन उचलला!

"ताई, पेटी कालपासनं आजारी हाय, तिचं शिम माझ्या फोनात घातलंय. पट्टी बघूनच लिवतोय, एक बी तास चुकवला न्हाई. साहेबांना तेवढं सांगू नका."