उभं राहायला जागा नसलेली खोली

पडली तर उचलणार कोण?

गेले काही दिवस हा एकच प्रश्न आईच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. भाजी चिरताना तोच, कपडे वाळत घालताना तोच. लेक रविवारपासून वेगळी राहणार होती, एकटी. आणि लेकही अशी, की सपाट जमिनीवर बोटीत चालल्यासारखी चालणारी.

घरात तिला सगळे भोवरा म्हणत. हे नाव बाबांनी ठेवलं आणि तिनं ते खुशीनं घेतलं. आजाराचं खरं नाव इतकं लांबलचक होतं की डॉक्टरसुद्धा कागदात बघून वाचत. तोल सांभाळणारा लहान मेंदू हळूहळू कुरकुर करू लागतो आणि केसही गळतात. दोन्हीच्या मुळाशी एकच बिघडलेलं जनुक. आई आणि बाबा, दोघांकडूनही ते आलं तरच आजार होतो, असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. आजार इतका दुर्मीळ, की त्यांना आनंद लपवता येईना.

"असा पेशंट मी पहिल्यांदाच बघतोय!"

"अभिनंदन," भोवरा म्हणाली. तेव्हा ती शाळेत होती.

केस गेले ते भुवया-पापण्यांसकट. मग चांगला महागाचा टोप आणला. पहिल्याच दिवशी रस्त्यात मागून कुणीतरी हाक मारली. भोवरा वळली, केस वळले नाहीत. तेव्हापासून टोप कपाटावर आणि भोवरा तुळतुळीत डोक्यानं गावभर. भुवया मात्र ती हौसेनं पेन्सिलनं काढायची. हात थरथरणारा, त्यामुळे रोज नवीन चेहरा तयार व्हायचा. बाबा चहाच्या कपावरून बघून विचारायचे, "आज कुणावर संशय घेतलायस?" कधी, "अगंबाई, एवढं कसलं आश्चर्य वाटलं?" आणि कपाळाच्या मध्यावर दोन्ही भुवया भेटल्या, की, "आज ऑफिसात कुणाची धडगत नाही."

ऑफिस म्हणजे फर्निचरचं दुकान. नोकरी मिळाली तीही भांडणातूनच. बाबांबरोबर खुर्ची घ्यायला गेली असताना ती एका जेवणाच्या टेबलाला टेकली. टेबल डुगडुगलं. "काका, हे तर माझ्याहून वाईट उभं राहतंय," ती मोठ्यानं म्हणाली. टेबल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तिथूनच परतलं. मालक आधी लाल झाले, मग हसत सुटले. पुढच्या महिन्यात त्यांनी तिला कामावर बोलावलं. मग नोकरीमागोमाग दुकानाजवळची खोली आली, आणि खोलीमागोमाग आईची झोप गेली.

खोली आईनं पाहिली होती. तिला खोली म्हणायचं की गोदाम! घरमालकीण मावशींनी आपला निम्मा संसार तिथे कोंबला होता. भलंमोठं कपाट, लोखंडी पेटी, दणकट टेबल, खुर्च्या, वर एक शिलाई मशीन. आईला तिथे फक्त कोपरे दिसले. गुडघ्याला लागणारे, कमरेला लागणारे, टाळक्यात बसणारे. भोवरा मात्र दारातच म्हणाली, "ठरलं. हीच."

आईनं मग गुपचूप मावशींना गाठलं. "एवढं सगळं बाहेर काढाल का हो? तिला मोकळं हवं."

मावशी कुरकुरल्या. जावयाला बोलावून त्यांनी एकेक वस्तू मागच्या पडवीत हलवली. खाट तेवढी भिंतीशी राहिली. आईनं स्वतः फरशी पुसली आणि दारात उभी राहून मनापासून समाधान पावली. आता आदळायला काही उरलं नव्हतं. रविवारी लेकीला एकदम दाखवायचं.

शुक्रवारी सकाळी घरी केर काढताना लेकीच्या खाटेखाली भुवईची पेन्सिल सापडली. भोवऱ्यानं एक भुवई काढली, पेन्सिल हातातून निसटली, बस चुकेल म्हणून ती तशीच निघून गेली. म्हणजे पोरगी आज एकाच भुवईवर दुकानात! आईला निमित्तच हवं होतं. "कामाच्या ठिकाणी आई आणायची नसते," असं लेकीनं बजावलं होतं. पण हा काही साधासुधा प्रसंग नव्हता.

दुकानाच्या दारातच आई थबकली आणि आरशाच्या कपाटाआड सरकली. आत माल इतका दाटीनं मांडलेला, की वाट म्हणून नव्हतीच. भोवरा एका नवरा-बायकोला पुढे घालून चालली होती.

"काकू, हे बघा. यावर मी रोज आदळते. अजून पाय शाबूत आहेत. टेबलाचे."

"आम्हाला जरा नाजूक हवं होतं," काकू म्हणाल्या. "तुला आवडलं नाही वाटतं आमचं म्हणणं? अशी काय बघतेस?"

"मी कुठे बघतेय? ती भुवई बघतेय. दुसरी घरी राहिलीय."

काकू पदर तोंडाला लावून हसू लागल्या. काका तर खुर्चीतच बसले.

आई हसली नाही. ती चालणं बघत होती. ही तिचीच लेक? घरी पावलापावलाला कोपर धरावं लागणारी? इथे बोटांची टोकं खुर्चीच्या पाठीला लागली न लागली, की पुढे टेबलाची कड, मग कपाटाचं दार, मग सोफ्याचा हात. झुलत होती, पण वेगानं. कुणी धरलेलं नव्हतं.

दुकानाच्या मधोमध नवा सोफा यायचा म्हणून जागा मोकळी केलेली होती. तिच्या काठाशी भोवरा थांबली. पाण्याच्या काठाशी थांबावं तशी.

"मामा," तिनं हमालाला हाक मारली, "एक खुर्ची टाका ना मधे."

"आलो, मॅडम." त्यानं खुर्ची आणून ठेवली, दिवा लावावा इतक्या सहज. भोवरा पलीकडे गेली.

आईच्या डोळ्यांसमोर खोलीतली ती स्वच्छ पुसलेली फरशी आली. दारापासून खाटेपर्यंत नुसतं पाणीच पाणी.

"आई!" भोवऱ्याला समोरच्या आरशात ती दिसली. "कपाट घ्यायला आलीस की माझ्यावर पाळत?"

"पेन्सिल... विसरलीस."

"बरं झालं. सकाळपासून चार जणांनी भाव कमी करून मागितला. त्यांना वाटतं, किंमत सांगताना मीच भुवई उडवते." तिनं पेन्सिल घेतली आणि आरशाला टेकून दुसरी भुवई काढू लागली. ती बरीच वर गेली.

"अगं, तुला ती खोली का आवडली होती?" आईनं उगाच विचारावं तसं विचारलं.

"तिथे उभं राहायला जागा नाही म्हणून. पडायचं म्हटलं तरी पडायला जागा कुठंय?"

"आणि घरी? घरी तर सगळं भिंतीला लावलंय."

"घरी तू आहेस की. चालतंबोलतं कपाट." एवढं बोलून ती खुर्ची, टेबल, कपाट करत काकूंकडे निघूनही गेली.

आई बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसली. पडवीतलं सामान पडवीतच राहिलं तर रविवारी काय होईल, ते तिला लख्ख दिसलं. भोवरा दारात उभी राहील, एक विनोद करेल आणि सामानाची पिशवी घेऊन घरी परत येईल. कोपराला धरून. कुणाला काही सांगावंही लागणार नाही. आईनं तर चांगल्यासाठीच केलं होतं. हा विचार इतका गोड होता, की तो तिनं थोडा वेळ तोंडात साखरेसारखा घोळवला.

आतून भोवऱ्याचा आवाज आला, "काका, बसलात ना? आता उठून दाखवा. बघा, किती जड जातंय! घेऊनच टाका." पाठोपाठ काकूंचं हसू.

आईनं पर्समधून फोन काढला. मावशी आता चांगल्याच फैलावर घेणार. परवा काढा म्हणालात, आज परत ठेवा म्हणता, जावई काय रिकामा बसलाय का? जावयाचेही दोन शब्द ऐकावे लागतील, आणि रविवारनंतर घरी कोपर धरायला कुणी नसेल. असू दे. कपाट कुठे, पेटी कुठे, खाटेपासून मोरीपर्यंत हाताला काय काय लागायला हवं, हे तिनं मनातल्या मनात मांडून पाहिलं. मधे एक खुर्ची कमी पडत होती. ती इथूनच घेता येईल, काका खुर्चीतून उठले तर.

तिनं मावशींचा नंबर शोधला.