पातीच्या टोकाला बालवाडी

नरखेड मागे पडले की रुळांच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे सुरू होतात. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. पांढुर्णा स्टेशनच्या फलाटावर लाकडी पेट्यांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि फटींतून वाळलेले गवत बाहेर आले होते. महाराष्ट्राची हद्द मागे राहिली हे फक्त पाट्यांवरून कळत होते. पाट्या हिंदीत, बोलणे मराठीत.

मी वर्तमानपत्रात बातम्या लिहितो. या खेपेचे काम वेगळे होते. नागपूरच्या एका संस्थेने सौंसरजवळच्या एका खेड्यात बालवाडीला मदत दिली होती. तिचा उपयोग झाला की नाही हे बाहेरच्या माणसाने पाहावे, म्हणून संस्थेने मला छापील प्रश्नावली देऊन पाठवले. पहिलाच प्रश्न होता : केंद्र मंजूर खोलीत नियमित भरते का? उत्तर ‘नाही’ आले तर मदत बंद होणार होती.

बालवाडी चालवणाऱ्या मंडळाचे कार्यालय पांढुर्ण्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत होते. मंडळाचे चिटणीस वानखडे गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांनी दाट दुधाचा चहा मागवला आणि फाइल पुढे ठेवली. गावच्या बौद्ध वस्तीत खोली मिळावी म्हणून तीन वर्षे केलेले अर्ज तीत तारखेनुसार लावलेले होते.

“पाहाले केव्हा जाता?” त्यांनी विचारले.

“उद्या.”

“उद्या नोका जाऊ. परवा जा. परवा बाजाराचा दिवस हाय, सारे लोक घरी सापडतीन.”

मी बरे म्हटले आणि दुसऱ्याच दिवशी निघालो. सांगितलेल्या दिवशी गेले की सांगितलेलेच दिसते, हे बातमीदारीत शिकलो होतो.

सौंसरची बस भरलेली होती. पुढे बोरगावपर्यंत दुसरी बस मिळाली आणि शेवटचे अंतर मी कापसाच्या रिकाम्या बंडीत (बैलगाडीत) बसून गेलो. बंडीच्या फळीला निघालेल्या खिळ्याने पँट गुडघ्यावर फाटली. गाडीवानाने वळून पाहिले. “साहेब, तो खिळा सासऱ्याच्या वेळचा हाय,” तो म्हणाला. “कोनालेच सोडत नाही.”

खोली वस्तीच्या टोकाला, विहाराला लागून होती. विटांची, चुना दिलेली, दारावर संस्थेची पाटी. दाराला कुलूप होते. खिडकीतून पाहिले. आत घडी केलेल्या चटया आणि त्यांवर धूळ. सकाळचे साडेदहा वाजले होते. पहिल्या प्रश्नासमोर मी ‘नाही’ लिहिले. परवा जा, असे गुरुजी का म्हणाले तेही आता कळले होते.

विहाराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ उन्हात बसले होते. “जय भीम. कोनाले पाहून राहिले?”

“बालवाडी बंद असते का?”

“बंद कायले? चालू हाय ना.”

“कुलूप आहे.”

“खोलीले हाय,” ते हसले. “खोली म्हंजे बालवाडी हाय का? आज पाटलाच्या वावरात (शेतात) हाय. नाल्याकाठून जा. पोट्ट्यायचा गलबला आयकू येते.”

नाला ओलांडताना एक बूट चिखलात रुतला. तो काढून वर चढलो आणि थांबलो.

समोर फुटलेल्या कापसाचे वावर होते. लांबवर पांढरे, मध्ये वेचणाऱ्या बाया, कमरेला ओट्या बांधलेल्या. वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) कडुलिंबाची चार झाडे होती आणि खालच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या होत्या. मी मोजल्या. नऊ होत्या. झोळ्यांखाली गोणपाटांवर वीस-बावीस मुले बसली होती. एक तरुण बाई पराटीच्या (कपाशीच्या) रिकाम्या बोंडांनी त्यांना बेरीज शिकवत होती. एका हाताने ती झोळीची दोरी ओढत होती. तिचा आवाज चढला नाही आणि दोरीही थांबली नाही.

ही सुशीला, बालवाडीची बाई. मी कोण ते सांगितल्यावर तिने बोंडे खाली ठेवली.

“गुरुजींनी मला उद्या यायला सांगितलं होतं.”

“माहीत हाय. उद्या म्या पोरायले खोलीत बसवाव असं म्हनत होते. म्या म्हटलं, गुरुजी, खोटं कायले दाखवता? माया (आया) वावरात अन् लेकरं खोलीत, मंग पाजाले कोन येईन?”

मग तिने कामाची रीत समजावली. प्रत्येक बाई एक पात (कपाशीच्या ओळींचा पट्टा) धरते आणि वेचत पलीकडच्या टोकाला जाते. तिथून वळते आणि पुढच्या पातीने परत येते. परत येते तेव्हा ती नेमकी धुऱ्यावर निघते. म्हणून बालवाडी धुऱ्यावर. लेकराला पाजून, ओटी रिकामी करून ती पुन्हा पात धरते. दुपारी वेचणी वावराच्या दुसऱ्या अंगाला सरकली की झोळ्या, गोणपाट, पाण्याचा माठ सगळे तिकडे सरकते.

मी दुपारपर्यंत थांबलो आणि ते सरकणे पाहिले. चार बाया आल्या, झोळ्या सोडल्या, पलीकडच्या बाभळींना बांधल्या. दोन लेकरे झोपेतून उठलीही नाहीत. निवडणुका, पूर, मोर्चे मी पाहिले आहेत. इतक्या माणसांचे काम एकही हुकूम न देता इतके बिनचूक चाललेले मी पाहिले नव्हते.

पातीवरून आलेली पंचफुला माझ्याशी बोलायला थांबली. धाकटा तिच्या मांडीवर पीत होता.

“तुमी बंद कराले आले का?”

“पाहायला आलो.”

“मंग नीट पाहा. माई रंजना चवथीत हाय. आता शाळेत बसली असन. याच्या आधी वेचनी लागली का तिले शाळेतून काढाव लागे, हा पोट्टा पाहाले. दोन वर्स एकाच वर्गात बसली. हे बंद झालं का सोमवारपासून थे पुन्हा घरी. माही माय असंच करे, मीबी असंच केलं.” तिने पोराला खांद्यावर घेतले. “तिनं नोको कराले.”

वेचणाऱ्यांपैकी एकीने लांबून हाक दिली. “पंचफुले, साहेबाले पात देऊन राहिली का? गुडघा उघडा हाय त्यायचा, वेचाले बरा!” सगळ्या हसल्या. मीही हसलो.

दुपारी त्यांनी ज्वारीची भाकर, ठेचा आणि सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) भाजी वाढली. जेवण संपता संपता वावराचे मालक पाटील आले. पागोटे घातलेले, साठीचे. आपला तीन वर्षांचा नातू त्यांनी गोणपाटावर आणून बसवला. नातवाने माठाकडे जाऊन पाणी घेतले. त्याच लोटीने त्याच्या आधी पंचफुलाच्या पुतणीने घेतले होते. माठ मालकाच्या विहिरीवर भरलेला होता.

हे नेहमीचे का, असे मी विचारले.

“पह्यल्या साली म्या नाहीच म्हटलं होतं,” ते म्हणाले. “पानी वरून वाढत होतो, सांगतो ना, लपवू कायले. या बायाईनं लेकरं सावलीत बसल्याबिगर पात धरली नाही. दोन दिवस कापूस तसाच. तिसऱ्या दिवशी म्या हो म्हटलं. मंग हा पोट्टा रोज रडे, तिकडे जातो म्हने. आता कोनाले उठवू?”

प्रश्नावलीत याला रकाना नव्हता. मी ते मागच्या कोऱ्या पानावर लिहिले.

संध्याकाळी पांढुर्ण्याला पोचलो तेव्हा वानखडे गुरुजी दारातच होते. मी आजच गावात जाऊन आलो हे त्यांना कळले होते.

“आता काय लिहान?”

“जे पाहिले ते. तुम्ही परवाचे सांगितले तेही.”

त्यांनी मला आत नेऊन बसवले. मग म्हणाले, “लिहा. माझं चुकलं. खोलीसाठी तीन वर्स घालवली, तिलेच बालवाडी समजलो.”

नागपूरला संस्थेच्या समितीपुढे मी अहवाल वाचला. एका सदस्याचे म्हणणे होते की मदत खोलीसाठी होती आणि खोली वापरात नाही. मी पंचफुलाचे आणि वावरमालकाचे बोलणे जसेच्या तसे वाचून दाखवले. वाद तासभर चालला. अखेर खोलीची अट काढून मदत या वेचणीसह दोन हंगामांसाठी वाढवली. रंजनाची चौथीची परीक्षा त्यांतल्या पहिल्याच हंगामानंतर होती.

एखाद्या कामाचा परिणाम मोजायला जाताना मी तो इमारतीत, नोंदवहीत, हजेरीत शोधायचे ठरवून गेलो होतो. त्या वावरात जे घडले होते ते शाळेत बसलेल्या एका मुलीत होते आणि दोन घरांच्या लेकरांनी हाताळलेल्या लोटीत होते. पाहिल्याशिवाय मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

उठता उठता समितीच्या अध्यक्षांनी विचारले, पुढच्या वर्षी तपासणीला माणूस पाठवू तेव्हा त्याने जायचे कुठे? केंद्राचा पत्ता लिहून द्या.

मी लिहिले : बोरगाववरून पुढे गावात जावे. आज कापूस कोणाच्या वावरात वेचतात ते विचारावे. बालवाडी तिथेच असेल.