कानातली शिट्टी आणि आईंची स्कूटी

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी आणि माझ्या सासूबाई चिकलठाण्याच्या एमआयडीसीत होतो. कंपन्यांना सुट्टी, रस्ते मोकळे... आईंना स्कूटी शिकायची होती.

खरं तर मी नाहीच म्हणणार होते. दिवाळीपासून माझ्या उजव्या कानात सारखी शिट्टी वाजते, जी फक्त मलाच ऐकू येते. तपासण्या झाल्या, घाबरण्यासारखं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "आवाज कदाचित राहील. पण तुम्ही दिवसभर त्याच्यावर पहारा देताय, त्यानं त्रास वाढतोय."

मला रागच आला होता. कानातच वाजतंय म्हटल्यावर लक्ष जाणार नाही का? सकाळी डोळे उघडले की आधी कानाचा अंदाज घ्यायचा... आवाज वाढलाय का, कमी झालाय का. वर्गात मुलं खाली मान घालून लिहायला लागली की त्या शांततेत मला रडू यायचं. शाळेची नोकरी सोडायचं जवळजवळ ठरलंच होतं.

आई मूळच्या वैजापूरकडच्या, शेतात राबलेल्या. साठी उलटल्यावर म्हणायला लागल्या, "मला आता कुणाच्या मागं बसून नाय जायचं." त्यांच्यापुढे कुणाचं काय चालणार...

पदर खोचून त्यांनी हँडल धरलं, ॲक्सिलरेटर पिळला आणि गाडी सुटली. मागून मी धावतेय, "आई, ब्रेक दाबा, ब्रेक..." आणि पुढून त्या, "दाबलाय की गं, ही थांबंना." दाबला होता हॉर्न. शेवटी मुरमाच्या ढिगात चाक रुतलं आणि गाडी थांबली. आम्ही दोघी तिथंच हसत बसलो. एका कंपनीच्या गेटवरचा वॉचमनही हसत होता.

मग पुन्हा सुरुवात. वळण, ब्रेक, परत वळण... ऊन चढेपर्यंत आई एकट्या रस्त्याच्या त्या टोकाला जाऊन परत आल्या. बरोबर माझ्यासमोर गाडी थांबवून म्हणाल्या, "जमलं की मला."

टपरीवर चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "आज कानाचं कसं हाय गं?"

विचारलं आणि शिट्टी ऐकू आली. पण सकाळपासून? मला आठवेना. ती वाजत असणारच, पण माझं सगळं लक्ष त्या पळणाऱ्या स्कूटीकडे होतं.

"आई, मी विसरलेच होते," म्हणता म्हणता माझे डोळे भरून आले. त्या घाबरल्या, "दुखतंय का लई?" मी नाही म्हणून हसले, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग पुढच्या रविवारी बी येऊ," त्या म्हणाल्या.

शिट्टी अजून आहे. वर्गात ऐकू आली की मी तिला वाजू देते आणि कुणाच्या तरी वहीत डोकावते. राजीनाम्याचा विषय घरात आता निघत नाही... आणि आई काल एकट्या जाऊन मेथीची जुडी घेऊन आल्या. त्या गाडीवरून उतरल्या तेव्हा मी त्यांना घट्ट मिठी मारली.