घरातली गोष्ट

वेखंडाचा वास आला की कुंभकोणमच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. मनगटाला वेखंड बांधलेल्या माझ्या पाच दिवसांच्या लेकीला अचानक झटके येऊ लागले, ओठ निळे पडले. मेंदूला काही झालं असेल, असं डॉक्टरीणबाई तमिळमध्ये म्हणाल्या. तेव्हा सासरे खाली मान घालून मला म्हणाले, “घाबरू नकोस. तुझ्या नवऱ्यालाही झालं होतं, मलाही. महिन्याभरात थांबतं.” “मग आधी का नाही सांगितलंत, मामंजी?” मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. “सांगितलं असतं, तर तू आमच्या घरात आली असतीस?” झटके खरंच थांबले. बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरांनी उलगडून सांगितलं, की मेंदूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर सोडणारं प्रथिन ज्या जनुकामुळे बनतं, त्यातच दोष आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. परवा लेकीला पाहायला मंडळी आली, तेव्हा कॉफी देण्याआधीच मी त्यांना सगळं सांगून टाकलं.