ड्रॅगनची मावशी

ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे यायचे, त्यात ती प्लॅस्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची. काम बिनबोभाट होतं आणि तेच तिला हवं होतं. कारण ती बोलताना अडखळायची. शाळेत पोरं तिला अडकित्ता म्हणायची. चाळिशी उलटली तरी फोन वाजला की ती तो वाजू द्यायची.

घरी ती आणि धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करायचा. रविवारी दुपारी त्याच्या खोलीत खेळ रंगायचा. टेबलाभोवती चौघं बसायची: भाऊ, ती, समोरचा वायरमन आणि कोपऱ्यावरचा औषधवाला. भाऊ गोष्ट सांगायचा. किल्ले, राक्षस, शापित विहिरी. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं व्हायचे. वायरमन योद्धा, औषधवाला मांत्रिक आणि ती चोरटी. थाप मारायची तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला की थाप पचली.

आणि चोरटी झाली की ती अडखळायची नाही. का, ते कुणालाच कळलं नाही. एकदा पिंपात कोंबलेलं प्रेत वेशीवरून न्यायचं होतं. पहारेकऱ्यानं अडवलं, तर ही शांतपणे म्हणाली, "राजाचे सासरे आहेत. लाजाळू आहेत, झाकण उघडू नका."

दुसऱ्यांदा गाठ थेट ड्रॅगनशी पडली. ती म्हणाली, "अरे, मी तुझी मावशी. तू अंड्यात होतास तेव्हा ऊब कुणी दिली? तुझी आई हिंडायला गेलेली."

भावानं ड्रॅगनचा आवाज काढून विचारलं, "मग तुला पंख कसे नाहीत?"

"बाळंतपणात गेले."

फासा एकोणीसवर थांबला. भाऊ खुर्चीतून घसरेपर्यंत हसला. औषधवाला म्हणाला, "ताई, तुमच्या तोंडून खरं कधी ऐकायला मिळणार?" तीही हसली. आठवड्याभरात ती एवढीच हसायची.

त्या उन्हाळ्यात भावाचं पोट दुखायला लागलं. आधी आम्लपित्त समजून अंगावर काढलं. मग डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. दोन महिने, फार तर तीन. "त्यांना तुम्ही सांगता, की मी सांगू?" डॉक्टरांनी विचारलं. तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी.

भाऊ बाहेर बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसला होता.

"काय म्हणाले?"

"सूज आहे," ती म्हणाली. "औषधानं उतरेल. सहा महिने पथ्य पाळायचं, तेलकट बंद. तुझ्यासारखे पुष्कळ येतात म्हणे, आणि बरे होऊन जातात."

भाऊ तिच्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, एकदाही अडखळली नाहीस."

 खरं सांगायला तिनं तोंड उघडलं. "तु... तु... तु..." पुढचा शब्द घशातच रुतला. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. भाऊ थांबला, तो तिच्यासाठी नेहमीच थांबायचा. मग त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, "राहू दे. सूज आहे ना? बरं."

त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. ती सकाळी वरणाचं पाणी गाळून द्यायची आणि तो "आज बरं वाटतंय" म्हणायचा. ते खोटं असायचं, आणि ते तिला कळतंय हे त्यालाही कळायचं. रोज ती ठरवायची, आज सांगू. रोज जीभ टाळूला चिकटायची. चोरटीच्या आवाजात बोलावं तर त्याला ती थाप वाटणार, आणि स्वतःच्या आवाजात वाक्य पुरं होत नव्हतं. शेवटी शेवटी ती त्याच्या खोलीत जाऊन नुसती उशी नीट करून यायची.

नवव्या आठवड्यात तो गेला.

दहा-बारा दिवसांनी उरलेल्या गोळ्या परत द्यायला ती औषधवाल्याकडे गेली. त्यानं पाकिटं घेतली आणि मान वर न करता म्हणाला, "ताई, त्याला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला आणि म्हणाला, या औषधांचा अर्थ सांग. मी सांगितला. इथं स्टुलावर बसून अर्धा तास रडला. म्हणाला, तिला कळू देऊ नकोस, तिनं फार कष्टानं खोटं सांगितलंय."

म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात रडून, तोंड धुऊन तो घरी आला होता आणि तिच्या हातचं वरणाचं पाणी पिऊन बरं वाटतंय म्हणाला होता.  गिऱ्हाईक आलं तशी ती बाजूला झाली.

महिन्याभरानं वायरमननं आणि औषधवाल्यानं तिला खेळायला बोलावलं. गोष्ट औषधवाल्यानं सांगितली, वाचून दाखवल्यासारखी, पण मनापासून. पूल आला. पुलावरच्या रखवालदारानं विचारलं, कोण तुम्ही? थाप तिला सुचली होती, चांगली होती. "मी... मी... मी..." दोघे थांबले. वायरमननं नजर खिडकीकडे वळवली. तिनं फासा टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि ती निघून आली. पुन्हा कुणी बोलावलं नाही, तिनंही विचारलं नाही.

ती अजून कवळ्या करते. लॅबमध्ये चिठ्ठ्यांवर काम भागतं. दुपारी सगळे जेवायला गेले की ती मागे राहते आणि हातातल्या मेणाकडे बघत बोलते. "तुला कॅन्सर आहे. मी तुझ्याजवळ आहे." दोन्ही वाक्यं सरळ येतात, एकही अक्षर अडत नाही. जिन्यात पावलं वाजली की ती गप्प होते आणि पुढचा दात उचलते.