झोपेतली गळती

"सर, ट्रायकस्पिडची गळती किरकोळ आहे. हात लावायची गरज दिसत नाही," मी एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, स्क्रीनकडे पाहत सांगितलं.

मी भूलतज्ज्ञ. टेबलावर वानखेडेकाका होते, रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातले फिटर. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने त्यांची मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची झडप, आक्रसली होती. ती बदलायचीच होती. उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडपही गळत होती. ती दुरुस्त करायची का, हे एको पाहून ठरणार होतं. संमती दोन्हींची घेतली होती.

आधीच्या रिपोर्टात गळती मध्यम होती, आता कमी दिसत होती. मला बरंच वाटलं. काकांचं हृदय थकलेलं. हार्ट-लंग मशीनवर जितका कमी वेळ, तितकं चांगलं.

सर्जन मूळचे नागपूरचे. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काहून कमी झाली ती?"

मी आधीचा रिपोर्ट पुन्हा उघडला.

"तू झोपवलं ना त्याला. माणूस झोपला की गळतीपण झोपते. हा मदन महलच्या टेकडीचा चढ चढेल, तेव्हा तू स्क्रीन घेऊन मागे जाशील का?"

भुलीने रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाकडे रक्त कमी येतं आणि गळती खोटीच लहान दिसते. झडपेचं ताणलेलं कडं मात्र आकसत नाही. सरांनी मला ते मोजायला लावलं. चार सेंटिमीटरच्या पुढे भरलं, म्हणजे दुरुस्ती हवीच. तसंच सोडलं असतं, तर पुढे पाय आणि यकृत सुजलं असतं, आणि पुन्हा छाती उघडणं फार जोखमीचं.

मायट्रल बदलून झाल्यावर सरांनी उजवा कप्पा उघडला आणि त्या कड्यावर कापडाने मढवलेली रिंग शिवली. वीस मिनिटं वाढली. मशीनवरून उतरताना हृदय रेंगाळलं. मी औषध वाढवत होते. सर त्या हृदयालाच हळूच म्हणाले, "चलो भैया, अब उठो."

ते उठलं. एकोवर गळती जवळपास नव्हती.

सर गेल्या महिन्यात वारले. विजय नगरच्या त्यांच्या घरी वानखेडेकाका भेटायला आले, लिफ्ट बंद असताना तीन मजले चढून. माझ्याशेजारी बसले. सवयीने मी त्यांचा श्वास पाहिला. संथ होता. माझाच नव्हता.

हल्ली रिपोर्टात गळतीपुढे मी 'भुलीत' एवढा एक शब्द लिहिते. ज्युनिअर कारण विचारतात. मी आधी त्यांना कडं मोजायला लावते.